नागोजीरावांचं यंत्र आणि अर्धा बटाटा

नागोजीरावांच्या घराण्यात चार पिढ्या कारकून. स्वतः नागोजीरावही चेन्नईच्या एका विमा कचेरीत अकरा वर्षं कारकून होते. एक दिवस त्यांची लोखंडी खुर्ची मोडली. ती सांधायला वेल्डर आला. नागोजीरावांनी त्याचं काम शेवटपर्यंत पाहिलं आणि पुढच्या महिन्यात राजीनामा दिला.

हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी एम. ए. मराठी. राजीनाम्याचं इतकं सुबक कारण मी कुठल्याही कादंबरीत वाचलं नव्हतं.

मी सातारचा. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत संगणकाने केलेली मराठी भाषांतरं तपासतो. राहतो तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांनी आणि त्यांच्या वाळत घातलेल्या बनियनांनी भरलेली चार मजली इमारत. एकदा खिडकीत उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. खालच्या घरातून नागोजीरावांची हाक आली.

"अरे, तू मराठी की! नाव काय?"

"मकरंद."

"खाली ये. काप्पी पी."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे काप्पी, म्हणजे कॉफी, पितो आणि थक्क होतो.

घराशेजारच्या बोळात त्यांचं वेल्डिंगचं यंत्र उभं असतं. एका टोकाला डिझेलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला वीज तयार करणारा डबा, खाली दोन चाकं. चेन्नईबाहेरच्या गुम्मिडिपूंडीचा एक कारखाना बंद पडला तेव्हा नागोजीरावांनी ते आणलं. त्याला बावीस वर्षं झाली. ते हँडल मारून सुरू होतं. सुरू झालं की मॅन्शनच्या चारही मजल्यांच्या खिडक्या बंद होतात.

जुलैत हँडल उलटं फिरलं आणि नागोजीरावांचं मनगट सुजलं. त्यांच्या मुलीने, हरिणीने, आधी नवरात्र होऊ दिलं. मग तिने भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी येऊन यंत्र घेऊन जा म्हणाली.

नागोजीरावांना हे कळलं त्याच आठवड्यात हंडा फुटला.

हंडा नागोजीरावांच्या तंजावरी मराठी मंडळाचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांचा. दिवाळीआधी त्यांचा मेळावा असतो. त्या हंड्यात तीनशे माणसांचं सांबार होतं. स्टीलचा, पातळ पत्र्याचा. तळाजवळचा सांधा वीतभर उघडला होता. मीटिंगमध्ये मंडळाचे अध्यक्ष कृष्णस्वामीराव म्हणाले, गुम्मिडिपूंडीच्या एखाद्या कारखान्यात पाठवू. नागोजीराव उभे राहिले.

"मी सांधतों."

घरी आल्यावर त्यांनी हरिणीला अट सांगितली. ह्याच यंत्रावर रविवारपर्यंत हंडा सांधला, तर भंगारवाला रिकामा परत जाईल.

"आणि नाही जमलं तर?" हरिणीने विचारलं.

"तर त्याच्या गाडीवर मीच ढकलतों."

"मकरंद, तू साक्षीदार," ती म्हणाली. मी मान हलवली. साक्षीदार होण्याइतकं मला काहीच कळत नव्हतं.

अडचण अशी होती. नागोजीराव आयुष्यभर काडीने, म्हणजे स्वतः वितळून सांधा भरणाऱ्या सळईने, वेल्डिंग करत आले. खिडक्यांचे गज, फाटकं, जिने. तेवढ्या पातळ स्टीलवर त्यांनी काडी लावली की भोक पडे. त्याला टिग वेल्डिंग हवं. त्यात हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची सुई असते. ती वितळत नाही, फक्त ज्योत धरते. भोवती आर्गॉन वायू वाहतो. दुसऱ्या हाताने बारीक तार भरायची. नागोजीरावांनी हे कधीच केलं नव्हतं.

आम्ही गॅसच्या दुकानात गेलो. दुकानदार वेंकट त्यांचा जुना ओळखीचा. तो आधी पोटभर हसला.

"त्या यंत्रावर टिग? यंत्राला विचारलंत का, सार?"

मग त्याने टॉर्च, वायूचं नळकांडं आणि सुया दिल्या. नव्या यंत्रांत बटण दाबलं की ज्योत पेटते. इथे बटण नाही, पेडल नाही. आगकाडी ओढतात तशी सुई पत्र्यावर ओढायची. वायूची चावी टॉर्चवरच आहे, ती आधी उघडायची. सुई लांबीच्या दिशेने घासून टोक काढायचं. करंट अगदी कमी ठेवायचा.

"आणि टॉर्च मायनसला," वेंकट म्हणाला. "प्लसला लावलात तर सुईची मेणबत्ती होईल."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. त्याखाली रेघ मारली.

शनिवारी साडेदहाला राहुकाळ संपला आणि आम्ही सुरुवात केली. नागोजीराव म्हणाले, नवं काम आहे, आधी यंत्र स्वच्छ करू. मी उत्साहाने दोन्ही केबल काढल्या. टोकं चकचकीत घासली. मग विचारलं, ह्यातली कुठली कुठे होती?

नागोजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे.

"बावीस वर्षांत मी त्या काढल्या नाहींत."

"प्लस कुठला?"

"लिहिलेलं होतं. वर अस्कं, सगळ्यावर, रंग मारला. काडीला काय, प्लस चालतो, मायनस चालतो. तिचे नखरे नाहींत."

तेव्हा मला कुंकू दिसलं. दोन आठवड्यांपूर्वीच आयुधपूजा झाली होती. यंत्राला गंध लावलं होतं, इंजिनावर वाळलेला हार होता. केबल जोडायच्या दोन खुंट्यांपैकी उजवीवर कुंकवाचा जाड थर होता. डाव्या खुंटीवर काही नव्हतं.

"लाल म्हणजे प्लस," मी म्हणालो. "सगळ्या जगात."

"शिकलेला माणूस," नागोजीराव म्हणाले. त्यांनी टॉर्च डाव्या खुंटीला लावला.

हँडल मी मारलं. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं. मॅन्शनच्या खिडक्या बंद झाल्या. नागोजीरावांनी वायू सोडला, मुखवटा खाली घेतला, आणि स्टीलच्या एका तुकड्यावर सुई ओढली. ज्योत पेटली. फुरफुरली. सुईच्या टोकाला गोळा झाला आणि टपकन खाली पडला.

"टोक नीट नव्हतं," ते म्हणाले.

दुसरी सुई घासली. गोळा. टपकन.

मग त्यांना वारा आठवला. दुपारचा समुद्राचा वारा आर्गॉन उडवून नेतो म्हणाले. मंडळाचा एक फ्लेक्स त्यांच्याकडे पडून होता. आम्ही तो बोळाच्या तोंडाशी बांधला. कृष्णस्वामीरावांच्या साठीच्या शांतीचा होता. आठ फुटी अध्यक्ष हात जोडून वारा अडवू लागले.

तिसरी सुई. टपकन.

आम्ही नळी तपासली, चावी तपासली, करंट कमी केला. नागोजीरावांना राहुकाळाचीही शंका आली. त्यांनी कॅलेंडर पुन्हा पाहिलं. कुंकवावर आमच्यापैकी कोणाचाही संशय नव्हता.

चौथी सुई पडली तेव्हा हरिणी दारात येऊन उभी होती.  वडिलांनी मुखवटा वर केला. त्यांचा चेहरा मला पाहवेना. सुई आता एकच उरली होती.

मी वही उघडली. रेघ मारलेली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"सुईची मेणबत्ती," मी म्हणालो. "नागोजीराव, टॉर्च प्लसला आहे."

"मग ते कुंकू?"

कृष्णवेणीबाई, म्हणजे नागोजीरावांची बायको, ओल्या हाताने बाहेर आल्या. पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

"कुंकू मी लावतें," त्या म्हणाल्या. "तिकडे भिंत आहे, हात पोचत नाहीं. म्हणून इकडच्याला लावतें. तुम्ही त्यातनं फिजिक्स काढलांत?"

हरिणी हसली. मी जमिनीकडे पाहिलं.

"मला विचारायचं की," कृष्णवेणीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. अर्धा बटाटा घेऊन आल्या. त्यांनी नागोजीरावांना दोन्ही खुंट्यांना तांब्याची बारीक तार लावायला सांगितली. दोन्ही टोकं बोटभर अंतरावर बटाट्यात खुपसली. "कोणी हात लावायचा नाहीं," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. इंजिन सुरू झालं. आम्ही चौघे बटाट्याकडे बघत उभे राहिलो.

डाव्या तारेभोवती बटाटा हिरवा झाला.

"तो प्लस. सातवीच्या मुलांना येतं."

टॉर्च उजव्या खुंटीला गेला, कुंकू पुसून. पाचवी सुई ओढली. ज्योत शांत उभी राहिली. टोक तसंच टोकदार. नागोजीरावांनी शनिवारची संध्याकाळ नुसत्या तुकड्यांवर हात बसवण्यात घालवली.

रविवारी सकाळी हंडा. वितळलेलं स्टील आत गळू नये म्हणून मी हातमोजा घालून आतून तांब्याची पट्टी दाबून धरली. बाहेर नागोजीराव श्वास रोखून सरकत होते. वीतभर सांध्याला पाऊण तास लागला. सांधा सुंदर नव्हता. पण सलग होता.

कृष्णस्वामीराव पाहायला आले. बोळाच्या तोंडाशी स्वतःचा फ्लेक्स पाहून थबकले.

"मला इथं कशाला उभं केलंत?"

"वारा अडवायला," नागोजीराव म्हणाले. "मीटिंगमध्येही तेच करतां की."

हंड्यात काठोकाठ पाणी भरलं. कृष्णवेणीबाईंनी बाहेरून सांध्याखाली कोलमची, म्हणजे रांगोळीची, कोरडी पिठी फासली. गळलं तर ओघळ दिसणार होता. हरिणी हंड्यासमोर स्टूल टाकून बसली. एक तास. तिने फोन पाहिला नाही. मग बोट फिरवलं. बोट कोरडं, पांढरं.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "पण हँडल तुम्ही मारायचं नाही, अप्पा."

"नाहीं मारत. मकरंद मारेल."

मला कोणी विचारलं नव्हतं.

फक्त भंगारवाल्याला फोन करायचं राहून गेलं. सोमवारी सकाळी तो दोराचं वेटोळं घेऊन हजर. हरिणी त्याची माफी मागू लागली. तो ऐकत नव्हता. बोळात जाऊन यंत्राभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने आपली हातगाडी पुढे आणली आणि चाकाजवळची चीर दाखवली.

"हे होईल का ह्याच्यावर?"

नागोजीरावांनी मुखवटा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. माझी कंपनीची बस नऊ वीसची होती.

मी हँडल मारलं.