आडवा केलेला दगड

इंग्लंडमधल्या या खेड्याच्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे ग्रामपंचायतीचा, मी कारकून. दफनभूमीतले कबरींवरचे हलणारे दगड हेरून, कुणाच्या अंगावर पडू नयेत म्हणून ते आडवे करवणं माझ्याकडेच. आज म्हातारे जॉर्ज बायकोच्या आडव्या दगडाशी, ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेले दिसले.

“पूर्वी उभ्या उभ्या बोलायचो हिच्याशी,” ते म्हणाले. “आता आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.”

इथे शतकानुशतकं कुणीतरी मेलेल्यांच्या नोंदी ठेवत आलं आणि लोक त्या खऱ्या मानत आले. माझी नोंदही मानली. पण दगड तपासायच्या दिवशी थंडी फार होती. शेवटच्या रांगेला हातही न लावता मी ‘धोकादायक’ लिहून टाकलं होतं.

त्यांना उठवायला मी हात दिला आणि म्हणालो, “जॉर्ज, हा दगड हलत नव्हता. मी तपासलाच नव्हता.”

त्यांनी मान फिरवली. माझा हात मात्र त्यांना सोडता येईना. अजून उठून उभं राहायचं होतं.