न प्यायलेली कॉफी

आज दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात कुणीतरी वेलची घातलेली कॉफी ओतली आणि मला फुजैरा बंदरावरचं टर्मिनल आठवलं. बारा वर्षं झाली. मी तिथे एचआरला होतो. आमच्या सीरियन फोरमनचा, युसुफचा, पासपोर्ट संपत आला होता आणि तिकडे यादवी पेटलेली, त्यामुळे लष्करात भरती झाल्याशिवाय त्याचं सरकार नवा देईना. मी एक पत्र लिहिलं असतं, तर कंपनीने त्याला आणखी काही महिने ठेवून घेतलं असतं.

त्याने मला आपल्या खोलीवर बोलावलं आणि माझ्यापुढे कॉफीचा छोटा कप ठेवला. मी साताऱ्याच्या सुभेदाराचा मुलगा, पळपुट्याची कॉफी कशाला पिऊ? कपाला हात लावला नाही. त्यांच्यात पाहुण्याने कप उचलला नाही, की त्याला काही मागायचंय असं धरतात; मागणं पुरं झालं, की मगच तो पितो. युसुफ म्हणाला, "बोला साहेब, काय हवंय?"

"लढायला का गेला नाहीस?"

"समोरून माझा भाऊ लढतोय," तो शांतपणे म्हणाला. "आता प्या."

मी उठून गेलो. पत्र लिहिलं नाही. महिन्याभरात तो परत गेला आणि विमानतळावरूनच त्याला भरतीला नेलं, एवढंच पुढे कानावर आलं.

त्या दिवशी मागायचं त्याला होतं, आणि काय हवंय म्हणून विचारत होता तोच.