ओला ताणा

आज सुती साडीला कांजी घातली. तो आंबूस वास नाकात गेला आणि मी लहानपणीच्या, वडगावच्या आमच्या गल्लीत जाऊन पोचले.

थंडीतली सकाळ होती. कांजीची खळ लावलेला ओला ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, गल्लीभर पसरला होता. एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला शेजारचे कानडी बसवण्णा, आणि मधे आई नि मी कुंचा फिरवत होतो. तेवढ्यात सीमाप्रश्नावरून पेटलेली मराठी पोरं काठ्या घेऊन आली. त्यांना बसवण्णाच हवे होते. बसवण्णा भिंतीकडे सरकले, ताणा सैल पडला, पण त्यांनी टोक सोडलं नाही. सोडलं असतं तर सगळं सूत मातीत गेलं असतं.

आप्पांनी नुसती मान वर केली.

"मारामारी मागनं करा रं. खळ वाळाय लागलीया. आधी ताणा धरा."

पोरं विणकरांच्याच घरातली. ताणा लोंबलेला त्यांना बघवेना. पुढच्यानं काठी भिंतीला टेकवली, मग बाकीच्यांनी.

"बिगी हिडी!" बसवण्णा सवयीनं कानडीत ओरडले, घट्ट धर म्हणून. पोरांनी घट्ट धरलं.

मग आईनं सगळ्यांना चहा दिला. काठ्या न्यायला कुणी परत आलं नाही.

आप्पांना सुताचीच तेवढी काळजी, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आजही थंडीच आहे; साडी दोरीवर घालून तास झाला. हात लावून बघितलं, अजून ओलीच आहे.

थंडीत खळ इतक्या लवकर वाळत नाही, आप्पा.