नंदूमामाची बोटं

पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखताना नंदूमामा कुणाला खोकूही देत नसे. आवाज असे तो फक्त अभंगांचा. ते वाजवणारा होम थिएटरचा जुना, अवजड रिसीव्हर कोपऱ्यातल्या टेबलावर होता. ब्रश उचलण्याआधी मामा त्याच्यावर दोन्ही तळवे टेकवून डोळे मिटून उभा राहायचा. मामा मशीनला नमस्कार करतो म्हणून आम्ही भाचरं त्याला चिडवायचो.

"हसा, हसा," तो म्हणे. "ह्यो हाय म्हणून मी हाय."

मग एका पावसाळ्यात, ऐन हंगामात, मातीची धूळ खाऊन खाऊन रिसीव्हरने राम म्हटला. ते ओझं मी रोह्याला माझ्या घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. मग मीच डब्याएवढा नवा अ‍ॅम्प घेतला, मोबाइलवरून गाणी वाजवणारा. माझी ऐट काय विचारता!

आखणीच्या दिवशी गाणं सुरू झालं. आवाज जुन्यापेक्षा खणखणीत होता. मामाने सवयीने अ‍ॅम्पवर हात ठेवले आणि लगेच उचलले.

"ह्यो तापत नाय काय गो?"

"अजिबात नाही, मामा! तीच तर गंमत आहे," मी म्हणाले.

मामाने ब्रश उचलला. मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा त्याने काढला, पण डाव्यासाठी ब्रश धरायला गेला तेव्हा बोटं मिटेनात. संधिवाताने आखडलेली बोटं तो इतकी वर्षं त्या रिसीव्हरच्या उबेवर मोकळी करत होता, हे मला तेव्हा कळलं. कारखान्याचा नियम त्याचाच होता: दोन्ही डोळे एकाच हाताचे, आणि एक डोळा काढून उठायचं नाही. मूर्ती न्यायला गिऱ्हाईक जवळच्याच वडखळहून निघालं होतं.

"गाणं बंद कर," मामा म्हणाला. मी बंद केलं. तो पुन्हा वाकला, पुन्हा मागे आला. "नाय जमत, बाय. नाय जमत गो."

मामाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

रंग कालवत बसलेली मामी उठली. पदराला हात पुसून तिने मामाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या कारागिरांसमोर जोरजोरात चोळायला लागली. आमच्या घरात नवराबायकोने चारचौघांत असा हात धरायची रीत नव्हती.

"लोकं बघतात गो," मामा पुटपुटला.

"बघू देत. तुमी मूर्तीकडं बघा."

बऱ्याच वेळाने मामाने ब्रश उचलला. डावा डोळा उतरला, अगदी उजव्यासारखा. मला तिथेच रडू कोसळलं.

त्यानंतर प्रत्येक आखणीला मामी त्याच्याशेजारी बसू लागली. नव्या अ‍ॅम्पचं कुणी कौतुक केलं की मामा म्हणे, "गाण्याला बरा हाय. पण तापायला माणूसच लागतं."

यंदा माघात मामा गेला. न्यायची तयारी झाली, माणसं दारात खोळंबली, तरी मामी त्याची बोटं चोळत बसली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मामी, सोड आता."

"थांब गो जरा," ती म्हणाली. "अजून गार हायत."