उलटं सांगायला लावणारे आबा

गाडी बंद पडली की सगळे विचारतात, काय झालं? आबा ते कधीच विचारत नसत. ते माणसाला गाडीपुढे उभं करत आणि म्हणत, "उलटं सांग." म्हणजे आपण शेवटचा नट कोणता आवळला तिथून सुरू करायचं आणि मागे मागे जात पहिल्या पान्यापर्यंत पोचायचं. मध्ये चहाला गेलो असू तर तेही सांगायचं. "सुलटं सांगताना मानूस सोयीचं तेवढं सांगतंय," ते म्हणायचे, "उलट्याला थापा जुळवाया सवडच घावत न्हाई." मळवलीत त्यांना उलटे आबाच म्हणत. हसून म्हणत. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. कारण हसणाऱ्यांपैकी एकाच्याही घरची पाण्याची मोटर आबांचा हात लागल्याशिवाय चालू राहिली नव्हती.

वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच घरी आले. आयटीआयचा कागद नव्हता, एवढंच कारण. कागदवाली नवी पोरं यायची, आबांच्या हाताखाली मशीन शिकायची आणि वर्षभरात आबांचीच साहेब व्हायची. मशीन अडलं की मात्र साहेब केबिनमधून ओरडायचे, "त्या म्हाताऱ्याला बोलवा रे!" मी एकदा विचारलं, "आबा, तुम्हाला राग नाही यायचा?"

"येतो की! न यायला मी काय दगुड हाय? पर रागात नट पिळला की आटे जात्यात. म्हनून आदी पाना खाली ठिवायचा, मंग राग काडायचा."

आणि खरंच, पाना खाली ठेवून, त्या साहेबांचा एकेकाचं नाव घेऊन त्यांनी पाच मिनिटं असा उद्धार केला की मी इकडेतिकडे बघायला लागलो. मग पाना उचलला आणि काहीच झालं नाही असे कामाला लागले.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. फिरत फिरत इथे मळवलीत आलो आणि एका मालकांच्या गुलाबाच्या पॉलिहाउसवर पिकअपचा ड्रायव्हर म्हणून लागलो. राहायला पत्र्याची खोली मिळाली. ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे जीव सदा टांगलेला. मालकांनी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी वाटायचं, संपलं, आता बोचकं बांधायचं. आबा मला नावाने हाक मारत नसत. "काय रं हिंगोली, जेवलास का?" असं विचारत. या मुलखात हे विचारणारा पहिला माणूस तो.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट. पिकअपचा स्टार्टर कण्हत होता, आतले ब्रश झिजले होते. गावाकडे एका गॅरेजात मी ते काम केलं होतं, म्हणून मालकांना म्हटलं, मी घरीच करतो. ते "बघ बाबा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी गाडीची पूजा म्हणजे नवरीसारखी गाडी सजवतात. ब्रश बदलायला स्टार्टर खाली काढलेलाच होता, तर म्हटलं, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाही रंगवून टाकू. दिवसभर शेडमध्ये पाठीवर पडून काळा रंग मारला. खूश होतो.

खंडेनवमीच्या सकाळी गुलाबाचे खोके भरले, गाडीला हार घातला, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. हेडलाइट लखलखीत, हॉर्न खणखणीत आणि इंजिन मात्र ढिम्म.

मालक आले. सगळ्या मजूर बायांसमोर म्हणाले, "आठवी नापासाच्या हातात पाना दिला, ही माझीच चूक. संध्याकाळपर्यंत फुलं निघाली नाहीत ना, तर तुझं बोचकं निघेल." मी नापास नव्हतो. शाळा सुटली होती. हे मला अजूनही कुणाला तरी ओरडून सांगायचं आहे.

लोणावळ्याहून गॅरेजवाला आला. मोटरसायकलवरून खाली उतरलासुद्धा नाही. "चावी मारा. हां. स्टार्टर जळालाय, नवा टाकायला लागेल. उघडला कुणी होता? याने?" असं म्हणून माझ्याकडे बघून हसला. दसरा झाल्यावर नवा आणतो म्हणाला आणि गेला.

मी साळीच्या खाचरांच्या बांधावरून पळत आबांकडे गेलो. ते पूजेला बसत होते. माझं तोंड बघून पिशवी उचलून निघाले. फाटकापाशी मालक म्हणाले, "म्हातारबा, आमचा गॅरेजवाला बघून गेलाय." बसा नाही, पाणी नाही. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला गाडीपुढे उभं केलं.

"उलटं सांग."

"शेवटी बॅटरीच्या वायरी जोडल्या. त्याआधी स्टार्टर बसवला. त्याआधी..." मी अडखळलो. "त्याआधी पट्टी बांधली."

"कंची पट्टी?"

"इंजिनापासून चासीला असते ती. रंगाला आडवी येत होती म्हणून सोडली होती."

"अन् बांदली कशावर?"

मी वाकून गाडीखाली बघितलं. "रंगावर."

आबांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं आता माझा उद्धार होणार. ते शांतपणे म्हणाले, "आरं, इंजान रबरावर बसलेलं असतंय. बॅटरीतनं करंट स्टार्टरला गेला की माघारी याया त्याला तीच पट्टी. तू वाटंवर रंगाची भिंत घातलीस, लेका."

त्यांनी पिशवीतून चिमटे लावलेली केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाला. "मार आता." गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मजूर बायांनी टाळ्या वाजवल्या. मग मी गाडीखाली शिरलो, नटाखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, पट्टी पुन्हा आवळली. आता केबलशिवाय चालू. जळालेला म्हणतात तोच स्टार्टर!

मालक काय म्हणाले? "तात्पुरती झाली असेल. गॅरेजवाला उगाच सांगेल का?" आणि दसऱ्यानंतर नवा स्टार्टर बसवून घेतला. चांगला स्टार्टर भंगारात! गावभर सांगितलं, ड्रायव्हरने जाळला होता, गॅरेजवाल्याने वाचवलं. आबांचं नाव कुठेच नाही. आणि मी? मी समोर उभा राहून मान डोलावली. फुलं वेळेत गेली होती, बोचकं राहिलं होतं, मला तेवढंच पुष्कळ झालं होतं.

आबांकडे जाऊन रडलो. ते म्हणाले, "तुजं घर लांब हाय. गप ऱ्हायलास त्ये मला कळतंय." त्यांना कळलं. मला अजून कळलेलं नाही.

यंदा आबा गेले. दशक्रियेला सुट्टी हवी होती. मालकांना वडगावच्या तहसील कचेरीत घेऊन चाललो होतो, तेव्हा वाटेतच विचारलं.

"कोण आबा?" ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"अरे, थांबलास काय? कचेरीची वेळ होतेय."

म्हटलं, "मालक, आधी ऐकून घ्या." आणि सांगितलं. रंग मी मारला होता. स्टार्टर जळाला नव्हता. गॅरेजवाला खाली उतरला नव्हता. गाडी आबांनी चालू केली आणि तुम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मालकांनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "बरं. जाऊन ये. गाडी घेऊन जा, चार माणसं नेता येतील."

दशक्रियेच्या सकाळी मला त्यांची गाडी न्यावीशी वाटेना; चावी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि इंद्रायणीच्या घाटावर चालत गेलो.