पऱ्ह्यांच्या कडेची पऱ्हाटी

धानाचे कोवळे पऱ्हे गवत समजून उपटून गाईपुढे टाकणारी सून आरमोरीच्या पंचक्रोशीत आजवर एकच झाली, ती मी. माहेर वरोऱ्याकडचं, कपाशीचं. धान पाहिला होता तो ताटात शिजलेला. त्यात नव्या नवरीला कामाची भारी हौस. अर्धा वाफा साफ करून मी शाबासकीची वाट पाहत उभी होते, आणि समोरून आले माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

असा माणूस उभ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगते. आम्हा सगळ्यांचं घर त्यांच्या एका खांद्यावर होतं, आणि दुसऱ्या खांद्यावर कायम काहीतरी असे: मोहफुलं, पळसाची पानं, बांबूचे कोंब. रिकाम्या हातानं घरात शिरणं त्यांना चोरीसारखं वाटे. एकदा मौतीला गेले, तेही परतताना वाटेवरच्या वाळक्या काटक्यांची मोळी घेऊन आले. जाऊबाई म्हणाल्या, "अवो, लोकं काय म्हणतीन?" तर म्हणाले, "काऊन? लोकायच्या घरी चूल नाई का?"

भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलू नये, ही आमच्याकडची रीत. ती त्यांनी ढवळ्या बैलाच्या मदतीनं पाळली. "ढवळ्या, घरात मीठ हाय का, इचार." मी पदर सावरून बैलालाच सांगे, "संपलं म्हणा." ढवळ्या दोघांकडे आळीपाळीनं बघत रवंथ करी.

त्या दिवशी वाफा पाहून ते मटकन बांधावर बसले. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेला. पऱ्हे नाहीत म्हणजे वर्षाचा भात नाही. आणि सासूबाईंना कळलं की माझी रवानगी वरोऱ्याला, हे मलाही उमगलं. त्या आल्याच. "कोणं केलं हे?"

"ढवळ्या शिरला, माय. कुंपनाच्या काट्या मीच सरकवून ठेवलो होतो."

बोलणी त्यांनी मान खाली घालून ऐकली. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटले, "तुयं नाव खराब केलो, बाप्पा." सासूबाईंनी हंगामभर ढवळ्याला मुस्कं बांधलं. मी चोरून ते सोडून त्याला भाकर घाली.

दुसऱ्या दिवसापासून भासरे लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवायला जाऊ लागले. मोबदल्यात उरलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या मागत, कावडीनं चिखलातून आणत आणि तसेच आमच्या बांधीत वाकत. मी मागून रोवी. माझी ओळ नागमोडी जाई. ते मुकाट्यानं सरळ करत. पाय कुजले, कंबर बसली, पण एकही बांधी रिकामी राहिली नाही.

पुढच्या वर्षी वाफ्याच्या कडेला कपाशीचं एक रोप, म्हणजे पऱ्हाटी, दिसलं. आसपास कोणी नाही असं पाहून भासरे बैलाला म्हणाले, "ढवळ्या, तिले सांग, पऱ्हाटी त वळखते न? तिच्याजवळ जे हिरवं, ते उपटाचं नाई."

पुढे ढवळ्या गेला. मी सुनांना रोवणा शिकवू लागले. तरी दर पावसाळ्यात ती एक पऱ्हाटी वाफ्याच्या कडेला उगवतच राहिली.

यंदा उन्हाळ्यात भासरे गेले. पाऊस लागल्यावर मी वाफ्याकडे गेले, तर कडेला पऱ्हाटी. जाऊबाई तिथंच होत्या. मी विचारलं, "बाई, हे कोणं लावलं?"

"मीच लावली. शेवटी भरमले होते तुये भासरे. ढवळ्याले मरून किती वर्स झाले, पण मले म्हणे, 'पऱ्हाटी लावाले भुलू नोको, नाईतं ढवळ्या पुना पऱ्हे खाईन, अन् माय त्याले बोलन.'"