बिनचहाचा रविवार

भुसावळच्या आमच्या चर्चचा मी खजिनदार. घरचा हिशोब बायको माझ्या हाती देत नाही, म्हणून हौस इथे भागवतो. यंदाच्या अंदाजपत्रकात उपासनेनंतरचा चहा कापून मी शिल्लक काढली.

पहिल्याच बिनचहाच्या रविवारी, गाडीला उशीर म्हणून आलेले एक अनोळखी म्हातारे उपासना संपली तरी मांडीवर टोपी घेऊन बसून राहिले.

“भाऊ, चहा कथा शे?” चहा कुठे दिसतो का ते पाहत त्यांनी विचारलं.

“बंद केला, आबा. आता शिल्लक राहते!” मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. एरवी तासभर रेंगाळणारी मंडळी केव्हाच पांगली होती.

“मंग मारा आते गप्पा, तुम्ही नि शिल्लक!”

टोपी घालून ते स्टेशनाकडे निघाले. रिकाम्या अंगणात मी खरंच जरा वेळ थांबलो. शिल्लक काही बोलेना.